पायगुण नव्हे, ऊब कमी पडते

(महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला कोंबडीच्या पिल्लांवर बोलायला सांगितलंय. काहीजणींना वाटेल, बायकांच्या हक्कांच्या मेळाव्यात पिल्लांचं काय काम? पण कुणाला न विचारता खर्च करता येईल असा पैसा आपल्यातल्या कितीतरी जणींकडे अंड्यांचाच असतो. पोरीची वही, एसटीचं तिकीट त्यातूनच निघतं. २०१९च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या ३१ कोटींच्या वर भरल्या. त्यांचं दाणापाणी, झाडलोट बहुतेक घरांत बाईच करते. तरी विचारलं तर ‘ती घरीच असते’ असंच उत्तर मिळतं.

पिल्लं मेली की मात्र बाई आठवते. सासू पायगुण काढते, नवरा म्हणतो तुला जमत नाही, आणि योजनावाले म्हणतात बायकांना शास्त्र कळत नाही. म्हणून पिल्लू मलूल का होतं, हे आपल्याला माहीत हवं.

आमच्या गटाला एका योजनेतून एक दिवसाची पिल्लं मिळाली. थंडीचे दिवस. दुपारची गाडी रात्री आली. खोके उघडले तर काही मेलेली, काही माना टाकून बसलेली. आणणारा म्हणाला, ‘सही करा, सकाळी टुणटुणीत होतील.’ आमच्यातल्या एकीने आधी पिल्लं मोजली, मेलेल्यांचा आकडा पावतीवर लिहायला लावला आणि मगच सही केली. तुम्हीही असंच करा. वाटेत मेलेलं पिल्लू आपल्या खाती लागता कामा नये.

आता उरलेल्यांचं बघू. अंड्यातला बलक पोटात शिल्लक असतो, त्यावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरतं. पण थंडी त्याला सोसत नाही. खुडूक कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते. खोक्यातून आलेल्यांना आई नाही, म्हणून ऊब आपण द्यायची. सरकारी पुस्तिकांत त्या सोयीला ‘कृत्रिम दाई’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करायची. पिल्लामागे दोन वॅट असा हिशेब धरा, म्हणजे ५० पिल्लांना १०० वॅटचा बल्ब. मात्र तो जुना, तारेचा, तापणारा हवा. एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही.

तापमापक नसेल तर पिल्लांकडे बघा. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर गारठलीत. लांब जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळीकडे पसरून दाणे टिपत असतील तर बरोबर आहे. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. तो धूर पिल्लांना मारतो, तुम्हालाही.

मलूल पिल्लू वेगळ्या टोपलीत, उबेतच ठेवा, नाहीतर बाकीची त्याला तुडवतात. आधी पाणी. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे गूळ, तेही पहिल्या दिवशीच. चोचीचं टोक बुडवा, ते आपोआप पितं. चोच उघडून पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. पाण्याची ताटली उथळ घ्या, त्यात खडे टाका, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. मग मक्याचा बारीक भरडा. शेपटाखाली विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून सोडवा, ओढू नका. नंतर अंग कोरडं करा. काम झालं की हात साबणाने धुवा.

तीन आठवड्यांनंतर पिल्लं पिसं फुलवून बसली आणि विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण. ओला तूस काढून कोरडा पसरा आणि पशुवैद्याकडून औषध घ्या. एकदम पटापट मरू लागली तर ती खाऊ नका, ओढ्यात टाकू नका, दवाखान्याला कळवा.

शेवटचं, मानमोडीचं. ही आली की खुराडंच्या खुराडं रिकामं होतं, आणि लागण झाल्यावर औषध नाही. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लसीचा एक थेंब, आणि पुढचे डोस पशुवैद्य सांगतील तसे. पण लसीची एक कुपी १०० पक्ष्यांची, कधी त्याहून जास्तीची. ती बर्फात आणावी लागते, आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांची बाई एकटीने कशी आणणार? दहा घरांनी एक दिवस ठरवला तर मात्र कुपी परवडते, बर्फही पुरतो. बचत गट आपण कर्जासाठी काढले, ते या कामालाही लावू या.

लसीचं आणि पिल्लांचं प्रशिक्षणही आपल्यालाच मिळायला हवं. ते तालुक्याला सकाळी दहाला ठेवलं की घरातले पुरुष जातात, आणि खुराडं आपण झाडतो. दुपारी, आपल्या गावात घ्या, असा अर्ज आज इथूनच करू. आणि बाईंनो, अंड्यांच्या हिशेबाची वही स्वतःच्या नावाने घाला.