मांडीवरचं मूल आणि मोटारगाडी



कुटुंब नियोजनाच्या सभेत मोटारगाडीचं काय काम, असं तुम्हांला वाटेल. काम आहे. मुलं मोजकी असावीत हे आपण पटवून घेतलं. मग झालेलं मूल जपायला नको का?

आता गावोगाव चारचाकी आल्या. लसीला जायचं, जत्रेला जायचं, तेव्हा मूल कुठं? आईच्या मांडीवर, आणि तेही पुढच्या सीटवर! "मी घट्ट धरलंय की," आई म्हणते. ताई, माया खरी तुमची, पण हिशेब ऐका. ताशी ४० किलोमीटर वेगानं गाडी झाडावर आदळली, तर १० किलोचं मूल क्षणभर क्विंटलभर ओझ्यासारखं पुढं फेकलं जातं. अंगावर येणारं ज्वारीचं पोतं कुणी हातानं झेललंय? आणि एकच पट्टा दोघांना मिळून लावला, तर आईचा सगळा भार लेकरावर येतो.

म्हणून लहान मुलाची वेगळी खुर्ची मिळते. ती मागच्या सीटवर घट्ट बसवा. हलवून बघा, इंचभराहून जास्त सरकता कामा नये. तान्ह्याचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवायचं, निदान सव्वा वर्षाचं होईतो. त्याचं डोकं जड, मान कोवळी. असं बसवलं की धक्का पाठीवर पसरतो. पुढं एअरबॅग असते, तिच्यासमोर अशी खुर्ची कधीही नको. गोधडी पट्ट्यांच्या वरून घाला, आतून नको. पाहुण्यांनी जुनी खुर्ची दिली तर अपघातातली नाही ना, हे विचारायला लाजू नका.

२०१९ सालच्या कायद्यानं १४ वर्षांखालचं मूल गाडीत पट्टा किंवा खुर्चीविना नेलं तर १,००० रुपये दंड आहे. पण दंडाचं सोडा.

खुर्चीला काही हजार रुपये पडतात, हे मलाही ठाऊक आहे. दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर असलं, तर थोरल्याची खुर्ची धाकट्याला येते. पाठोपाठ झाली, तर एक खुर्चीत आणि दुसरं पुन्हा मांडीवर!

अंतर ठेवायला तांबी, अंतरा इंजेक्शन, गोळ्या, निरोध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. सभेनंतर नर्सबाई थांबणार आहेत. नवरा-बायको दोघांनी मिळून विचारा.