व्याज देणारं टोकन आणि व्याजाचं टोकन

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

गेले काही आठवडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. आवे घेऊ का? कंपाउंड घेऊ का? डीफायमध्ये डॉलर ठेवले की बँकेपेक्षा जास्त मिळतं म्हणे, खरं का? वाळूजला कंपनीत असलेल्या एकाने लिहिलंय की, घरच्यांचे पैसे पतसंस्थेत अडकलेत, त्यामुळे आता जिथे मॅनेजर नाही, संचालक नाही, चेअरमन नाही, तिथेच पैसे ठेवायचे. साठ हजार साठवलेत म्हणतो.

हा मेसेज मी दोनदा वाचला. कारण त्यात लोभ कमी आणि राग जास्त आहे, आणि तो राग आपल्या शहरात कुणालाही समजेल. २०२३ च्या जुलैमध्ये आदर्श महिला नागरी सहकारी पतसंस्थेत सुमारे २०० कोटींच्या घोटाळ्याचा गुन्हा दाखल झाला. पुरेसं तारण न घेता कर्जं वाटल्याचे आरोप झाले. ज्यांचे पैसे होते ते कोण? पेन्शनवाले, भाजीवाले, मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवलेले. पावती हातात, आणि काउंटर बंद. त्यांच्या मुलाला 'कोड हाच कायदा' हे वाक्य गोड वाटणारच ना?

पण त्याच वर्षी शहरात दुसरीही गोष्ट घडली. अजंठा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि एप्रिल २०२५ मध्ये बँकेचा परवाना रद्द केला. बँक बुडाली, पण ती बँक होती. म्हणजे ठेव विमा होता. पाच लाखांपर्यंतची ठेव त्या विम्यातून मिळते, आणि ९० टक्क्यांहून जास्त ठेवीदार त्या मर्यादेत बसत होते. पतसंस्था मात्र बँक नसते. तिच्या ठेवींना हा विमा नाही. बोर्ड सारखा, काउंटर सारखा, पासबुकसुद्धा सारखं, आणि मागे उभं राहणारं कुणी आहे की नाही एवढाच फरक. तो फरक बहुतेकांना संस्था बुडाल्यावर कळला.

आता हाच प्रश्न डीफायला विचारू. मागे कोण उभं आहे?

आधी हे चालतं कसं ते बघू. सराफ्यात जाऊन दागिना ठेवला तर सोन्याच्या किमतीच्या साधारण तीन चतुर्थांश कर्ज मिळतं. तुम्ही कोण, पगार किती, जामीनदार कोण, हे फारसं कुणी विचारत नाही, कारण दागिना त्यांच्या तिजोरीत आहे. आवे किंवा कंपाउंड हे असंच सोनेतारणाचं दुकान आहे, फक्त दुकानदाराच्या जागी इथेरियमवर लिहिलेला प्रोग्रॅम बसलाय. एकाने डॉलरला बांधलेली नाणी, म्हणजे स्टेबलकॉइन, एका सामाईक साठ्यात टाकायची. दुसऱ्याने इथर तारण ठेवून त्यातून कर्ज उचलायचं. कर्जापेक्षा तारण जास्तच असायला हवं. तारणाचा भाव ठरलेल्या रेषेखाली गेला की प्रोग्रॅम नोटीस पाठवत नाही, मुदतवाढ देत नाही. तारण विकायला काढतो. रात्री तीन वाजता, दिवाळीच्या दिवशी, कधीही.

साठ्यात पैसे टाकणाऱ्याला व्याज मिळतं ते कर्ज घेणाऱ्याने भरलेलं. म्हणून पहिला प्रश्न हा की कर्ज घेतंय कोण? वाळूजचा एखादा कारखानदार मशीन घ्यायला हे कर्ज घेत नाही. घेणारे बहुतेक ट्रेडर असतात. हातातलं इथर न विकता डॉलर उचलायचे आणि त्यातून आणखी क्रिप्टो घ्यायचं. म्हणून बाजार तेजीत असला की व्याज वाढतं, बाजार थंडावला की दर घसरतो. 'वार्षिक अमुक टक्के' असं जे स्क्रीनवर दिसतं ते एफडीसारखं वचन नाही. तो या क्षणाचा दर आहे आणि सतत बदलतो. आणि साठ्यातले जवळपास सगळे पैसे कर्जाऊ गेले असतील तर तुम्हाला तुमचे पैसे काढता येत नाहीत. कुणी तरी परतफेड करेपर्यंत किंवा नवी ठेव येईपर्यंत थांबायचं. रांग इथेही असते, ती दिसत नाही एवढंच.

आता या भागाचं खरं कारण. 'लेंडिंग टोकन' या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

एक म्हणजे ठेवीची पावती. आवेत यूएसडीसी टाकलं की बदल्यात एयूएसडीसी मिळतं. ते परत दिलं की मूळ ठेव आणि व्याज. दुसरी वस्तू म्हणजे प्रोटोकॉलचं स्वतःचं टोकन. आवेचं आवे, कंपाउंडचं कॉम्प. ही ठेव नाही. मतदानाचा हक्क आणि त्या प्रकल्पावर लावलेली पैज, असं धरा. (आवे हा फिनिश शब्द आहे, अर्थ भूत. संस्थापक फिनलंडचे, म्हणून. २०१७ मध्ये सुरू झालं तेव्हा नाव ईथलेंड होतं.) मोबाईलवरच्या एक्स्चेंजवर तुम्ही 'बाय' दाबून जे घेता ते हे दुसरं. त्यावर आपोआप व्याज येत नाही.

फरक किती मोठा आहे ते २०२१-२२ मध्ये दिसलं. मे २०२१ मध्ये आवे टोकन ६६० डॉलरच्या आसपास होतं. जून २०२२ मध्ये ५० च्या खाली गेलं. दहा हजारांचे साडेसातशे. कॉम्पचंही तसंच, ९०० डॉलरच्या वरून ३० च्या आसपास. आणि या काळात आवे बंद पडलं होतं का? नाही. दुकान चालू होतं, कर्ज दिलं जात होतं, तारण विकलं जात होतं. प्रोटोकॉलने काम केलं आणि टोकन घेणारा तरीही बुडाला. माझ्या मते हा सगळ्यात कमी सांगितला जाणारा धोका आहे. यूट्यूबवर 'आवे किती सुरक्षित आहे' असा व्हिडिओ बघून लोक आवे टोकन घेतात. सुरक्षित असेल तर ते दुकान; तुम्ही घेतलंय ते दुकानाच्या भवितव्याचं तिकीट.

त्यात आणखी एक गंमत. ते टोकन 'स्टेक' करा, जास्त मिळेल, असं सांगितलं जातं. आवेच्या मूळ रचनेत प्रोटोकॉलला तूट आली तर स्टेक केलेल्या टोकनपैकी ३० टक्क्यांपर्यंत कापून ती भरण्याची तरतूद होती. म्हणजे जादा परतावा कशाचा? तुम्ही जामीनदार झालात त्याचा. गावाकडे जामीनदार व्हायचं म्हटलं की माणूस दोन दिवस विचार करतो. इथे अंगठा टेकवला की झालं.

आता 'चेअरमन नाही' या मुद्द्याकडे. चेअरमन नाही हे खरं, पण माणसं आहेतच. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपाउंडने मतदान घेऊन कोडमध्ये बदल केला. त्यात चूक राहिली आणि काही कोटी डॉलरची कॉम्प टोकन भलत्याच लोकांना वाटली जाऊ लागली. सगळ्यांना दिसत होतं, पण थांबवायलाही पुन्हा प्रस्ताव, पुन्हा मतदान, पुन्हा प्रतीक्षा, असं आठवडाभराचं काम. मग संस्थापकाने लोकांना टोकन परत करा म्हणून जाहीर आवाहन केलं. चेअरमन नसल्याचा असाही अर्थ होतो.

कोड तपासलेला असतो, ऑडिट होतं, हेही ऐकलं असेल. यूलर फायनान्सचं ऑडिट एकदा नव्हे, अनेकदा झालं होतं. १३ मार्च २०२३ ला तिथून जवळपास २० कोटी डॉलर गेले. पुढच्या काही आठवड्यांत चोराने त्यातले बहुतेक परत केले, हे नशीब. आणि कधी कोड बरोबर असतो, पण त्याला सांगितलेला भाव खोटा असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मँगो मार्केट्सवर एकाने त्यांच्याच टोकनचा भाव कृत्रिमपणे फुगवला, ते तारण दाखवलं आणि ११ कोटी डॉलरच्या आसपास उचलून नेले. पितळेला सोन्याचा मुलामा देऊन सराफाकडे ठेवावं तसं. अमेरिकेत खटला चालला, २०२४ मध्ये ज्युरीने दोषी धरलं, आणि २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ती दोषसिद्धी रद्द केली. आदर्शच्या ठेवीदाराकडे निदान महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. मालमत्ता जप्त होते, लिलाव होऊ शकतो. उशिरा, अर्धवट, चपला झिजवून, पण दार ठोठावायला एक कचेरी आहे. डीफायमध्ये तुम्ही पोलिस आयुक्तालयात जाऊन कुणाचं नाव लिहिणार?

जास्त व्याजाबद्दल एकच गोष्ट सांगतो. टेरा नावाच्या साखळीवर अँकर होतं. यूएसटी या डॉलरला बांधलेल्या नाण्यावर वर्षाला १९-२० टक्के. कर्जदारांकडून येणारं व्याज तेवढं नव्हतंच, तूट राखीव निधीतून भरली जायची. मे २०२२ मध्ये यूएसटी घसरलं, त्यामागचं लुना काही दिवसांत जवळपास शून्यावर आलं. दोन्ही मिळून सुमारे ४० अब्ज डॉलर उडाले. व्याज कुठून येतं याचं उत्तर एका वाक्यात मिळत नसेल तर ते बहुधा तुमच्यासारख्याच दुसऱ्याच्या खिशातून येतंय.

हे आपल्याला नवीन नाही. पुण्याशी जोडलेलं गेनबिटकॉइन आठवा. महिन्याला १० टक्के, १८ महिने. पैसे संपत आल्यावर बिटकॉइनऐवजी स्वतःच काढलेलं एमकॅप नावाचं टोकन लोकांच्या हातात ठेवलं. २०१८ मध्ये सूत्रधाराला अटक झाली, पुढे तपास सीबीआयकडे गेला. ते डीफाय नव्हतं, पण 'व्याज आमच्याच टोकनमध्ये देऊ' ही युक्ती आजही तीच आहे.

आणि ॲपमधलं 'अर्न' बटण म्हणजे डीफाय नव्हे. तिथे पैसे कंपनीकडे जातात. व्हॉल्ड ही भारतीयांनी सुरू केलेली सिंगापूरची कंपनी, स्टेबलकॉइनवर १२ टक्क्यांच्या आसपास देत होती. ४ जुलै २०२२ ला पैसे काढणं बंद.

वाळूजच्या मित्रा, मी सेबी नोंदणीकृत सल्लागार नाही, हे मत समज. साठ हजार ही तुझी सगळी शिल्लक असेल तर त्यातला रुपयाही इथे नको. आधी परवानाधारक बँकेत, विम्याच्या मर्यादेत. शिकायचंच असेल तर गेले तरी घरात सांगता येतील एवढेच पैसे. टोकनऐवजी ठेव करून बघ, आणि पहिल्याच आठवड्यात थोडे परत काढून बघ. टेलिग्रामवरच्या लिंकवरून वॉलेट जोडू नकोस, ते बारा शब्द कुणालाही देऊ नकोस, 'सपोर्ट टीम'ला तर नाहीच.

राहिला कर. नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के उपकर, आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस. एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. आवेत २० हजार कमावले आणि कॉम्पमध्ये २० हजार घालवले, तर तुमच्या हिशेबात शून्य. आयकर खात्याच्या हिशेबात २० हजार नफा, आणि भरायचे ६,२४० रुपये.