पायाखालचें सौंदर्य

सूर्यास्त, हिमशिखर किंवा नुकतेंच उमललेलें कमळ यांचें छायाचित्र सुंदर दिसलें, तर त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. जें मुळांतच सुंदर म्हणून मान्यता पावलेलें आहे, त्याचें चित्रही सुंदर असावयाचेंच. परंतु रुळांच्या कडेला उगवलेलें तण, वाळून वळलेलें पान किंवा भोपळ्याच्या वेलीचा एखादा ताणा यांवर भिंग रोखून बसलेला मनुष्य दिसला, तर येणारे-जाणारे त्याला वेडगळच म्हणतील. अशाच एका वेडाची ही हकीकत आहे.

कार्ल ब्लॉसफेल्ट याचा जन्म जर्मनींतील हार्त्स पर्वताच्या प्रदेशांत १८६५ सालीं झाला. तरुणपणीं त्यानें लोखंडाच्या कलात्मक ओतकामाच्या कारखान्यांत उमेदवारी केली. पुढें बर्लिन येथें शिक्षण घेत असतां मोरित्स मॉयरर या शिक्षकाबरोबर इटलींत काम करण्याची संधि त्याला मिळाली. कारागिरांनीं जुन्या नक्षीच्या नकला करीत बसण्यापेक्षां प्रत्यक्ष वनस्पतींचा अभ्यास करावा, असें मॉयररचें मत होतें. हें बीज ब्लॉसफेल्टच्या मनांत चांगलेंच रुजलें. बर्लिनला परतल्यावर तो तेथील कलाशाळेंत शिक्षक झाला आणि सुमारें ३० वर्षें वनस्पतींवरून मूर्तिकाम कसें करावें, हें विद्यार्थ्यांना शिकवीत राहिला.

या शिकवण्यांत एक मोठी अडचण होती. कोवळा कोंब तासाभरांत मान टाकतो. आणि ज्या भागांची रचना खरोखर पाहण्याजोगी, ते भाग इतके बारीक असतात, कीं वर्गांतील मागच्या विद्यार्थ्याला ते दिसावयाचेच नाहींत. यावर उपाय म्हणून ब्लॉसफेल्टनें स्वतःच जुळविलेल्या कॅमेऱ्यानें काचेच्या तबकड्यांवर छायाचित्रें घेण्यास आरंभ केला. फुलांच्या दुकानाकडे तो फिरकला नाहीं. पडीत जमिनी, रस्त्यांच्या कडा, आगगाडीच्या रुळांलगतचे उतार, हीच त्याची बाग. आणलेली काडी साध्या, कोऱ्या पार्श्वभूमीवर उभी करावयाची, तिच्यावर सौम्य उजेड पडूं द्यावयाचा आणि चित्र कित्येक पटींनीं मोठें करावयाचें. इतकीच त्याची युक्ति.

पण त्या साध्या युक्तीनें काय घडून आलें पहा! युरोपांत ओलसर जागीं एक्विसीटम नांवाची, पानांवांचून नुसत्या कांड्यांचीच भासणारी एक वनस्पति उगवते. तिच्या अंगीं वाळूंतलें द्रव्य, म्हणजे सिलिका, इतकें असतें, कीं पूर्वीं तेथील गृहिणी तिनें भांडीं घांशीत. भांडीं घासून फेंकून देण्याचीच तिची योग्यता! ब्लॉसफेल्टनें तिचा शेंडा २५ पट मोठा केला, तेव्हां एखाद्या मंदिराचा रेखीव कळस समोर यावा, तसा तो दिसूं लागला. नेच्याचें अजून न उलगडलेलें पान धर्मगुरूच्या वळणदार मुठीच्या दंडासारखें भासलें; आणि भोपळ्याचे ताणे तर जणुं कुशल लोहारानें तापवून वळविलेल्या सळया.

या रूपांत शोभेसाठीं म्हणून मुद्दाम घातलेलें कांहींच नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. एक्विसीटमच्या कांडीवरील उभ्या धारा तिला ताठ उभी राहण्यास साह्य करतात. ताण्याचें टोंक आधाराला वेढा घालतें आणि मग त्याचा मधला भाग स्प्रिंगेसारखा गुंडाळला जातो. दोन्ही टोंकें बांधलेलीं असल्यामुळें त्याचीं अर्धीं वेटोळीं एका दिशेला आणि अर्धीं उलट दिशेला पडतात. या लवचिकपणामुळेंच वाऱ्याच्या हिसक्यानें वेल तुटत नाहीं. वेलीची ती नड आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तीच नक्षी!

येथें एक शंका सहज उपस्थित होते. ब्लॉसफेल्ट सांपडेल ती काडी जशीच्या तशी टिपीत नसे. तो अनेकांतून एक निवडी, आड येणारीं पानें छाटी आणि वनस्पतीला हवें तसें उभें करी. मग हें सौंदर्य निसर्गाचें म्हणावें कीं त्या कात्रीचें? परंतु कात्रीनें अडथळा दूर होतो. ताण्याचें वळण कांहीं कात्रीनें निर्माण होत नाहीं. जें होतेंच, तें स्वच्छ दिसावें एवढ्यासाठींच ती चालली. तथापि, शेंकडों काड्यांतून हीच कां निवडावी, हें ज्याला कळतें, त्याच्याच हातीं ती शोभते. वस्तु आणि दृष्टि या दोहोंच्या भेटींत सौंदर्य प्रकट होतें, असेंच म्हणावें लागेल.

गंमत अशी, कीं बहुतेक सारें आयुष्य हा मनुष्य हीं चित्रें वर्गांतलीं साधनें म्हणूनच वापरीत होता. १९२६ सालीं बर्लिनमधील एका कलादालनांत तीं मांडलीं गेलीं आणि १९२८ सालीं १२० चित्रांचा संग्रह ‘कलेचीं आदिरूपें’ अशा अर्थाच्या जर्मन नांवानें प्रसिद्ध झाला. तेव्हां ब्लॉसफेल्टनें साठी ओलांडली होती. ग्रंथाची वाहवा झाली. पण हें यश भोगण्यास त्याला फार काळ मिळाला नाहीं. १९३२ सालीं दुसरा संग्रह निघाला आणि त्याच वर्षीं त्याचा अंत झाला.

आज कॅमेरा ज्याच्या-त्याच्या खिशांत आहे, आणि क्षणांत शंभर चित्रें घेतां येतात. उणीव आहे ती एका काडीपुढें तासभर बसणाऱ्या डोळ्यांची. परसांतल्या मांडवावर भोपळ्याचा वेल चढलेला असेल, तर उद्यां सकाळीं श्रोत्यांनीं त्याचा एक ताणा जवळून न्याहाळून पहावा. वेटोळीं कोणत्या जागीं दिशा बदलतात, तें शोधावें. तेवढी एक जागा स्वतःच्या डोळ्यांनीं सांपडली, कीं पायाखालचें गवतही पूर्वींसारखें नुसतें गवत राहणार नाहीं.