बिल कोठे शे?

सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपड्याकडच्या काही गावांत मोबाइलला रेंज नाही, हे आपलं जुनं दुखणं. मागच्या उन्हाळ्यात एक व्यापारी आमच्या बचत गटाकडे आला. परदेशातून आणलेलं, इथे फेरफार केलेलं रेंज वाढवायचं मशीन, म्हणजे बूस्टर, विकायचं आणि बसवून द्यायचं. नगामागे ७०० रुपये सुटतील म्हणाला. बचतीतले ४०,००० रुपये काढायला आम्ही तयार झालो होतो. तेवढ्यात गटातल्या आजींनी विचारलं, “बिल कोठे शे?” बिल नव्हतंच.

मग चौकशी केली. बूस्टर टॉवरचा सिग्नल पकडून, वाढवून परत सोडतो. त्याने टॉवरच्या कामात अडथळा येतो, इतरांचे फोन तुटतात. म्हणून परवानगीशिवाय तो विकणं, बसवणं, जवळ ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. व्यापारी निघून गेला असता. सापडलो असतो आपण.

पण धंदा सोडू नका, वस्तू बदला. आम्ही आता एलईडी बल्ब, चार्जर विकतो, सीसीटीव्ही कॅमेरे बसवतो. माल घेताना तीन गोष्टी बघतो: पक्कं बिल, वॉरंटी आणि बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासता येतो. आतून बदललेली वस्तू घेत नाही. नोंदणी मूळ वस्तूची असते, बदललेलीची नाही.

रेंजसाठी ग्रामसभेत ठराव करा, कंपनीकडे तक्रार नोंदवा. आणि नफा मोजायच्या आधी बिल मागा.