शिष्यवृत्तीचे मधले महिने

(अयोध्या नगरच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मांडवात दरवर्षी दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार होतो. आज आम्ही त्यांच्या पुढच्या मुलांबद्दल बोलणार आहोत. बीई झाली आहेत, एमटेक किंवा पीएचडी करायची इच्छा आहे, आणि घरात याआधी कोणी इंजिनियर झालेलं नाही, अशी ही मुलं. आम्ही म्हणजे कॉलनीतले चार-पाच निवृत्त लोक. रविवारी सकाळी या मुलांचे अर्ज भरून द्यायला बसतो. त्यातून जे कळलं तेवढंच सांगतो.

आपल्यापैकी बऱ्याच घरांचं भोपाळशी नातं कारखान्यामुळे जुळलं. हेवी इलेक्ट्रिकल्स 1956 मध्ये स्थापन झालं आणि 1960 मध्ये मौलाना आझाद कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आजचं मॅनिट, सुरू झालं. कारखाना आणि कॉलेज दोन्ही जवळ, त्यामुळे आपल्या मुलांना इंजिनियरिंग कधी परकं वाटलं नाही. आपल्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंच्या मुलीलाही तेच कॉलेज तेवढ्याच अंतरावर आहे. पण तिच्या घरी हिशेब वेगळा होतो.

तो हिशेब असा. गेट उत्तीर्ण होऊन एमटेकला प्रवेश घेतला तर दरमहा 12,400 रुपये मिळतात, जास्तीत जास्त 24 महिने. पीएचडीची फेलोशिप मिळाली तर 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं 37,000 आणि पुढे 42,000. आकडे वाईट नाहीत. पण बीई झालेल्या मुलीला समोर नोकरी दिसत असते, धाकटा भाऊ शाळेत असतो, आणि घरच्यांना तिचा पगार आजच हवा असतो. या टप्प्यावर फी ही मोठी अडचण नसते. न मिळालेला पगार हाच खरा खर्च, आणि तो कुठल्याच अर्जात भरायला जागा नसते.

इथे महूची आठवण येते. आपल्यापासून काही तासांवरचं हे गाव. तिथे 1891 मध्ये एका मराठी सुभेदाराच्या घरी बाबासाहेबांचा जन्म झाला. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेत शिकायला महिना साडेअकरा पौंड दिले, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. लंडनमधला अभ्यास अर्धा झालेला असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि 1917 मध्ये त्यांना परत यावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिलं, तेव्हा 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. एवढ्या बुद्धीचा माणूस, आणि मध्येच पैसे थांबले तर तोही थांबला.

पुढे 1942 मध्ये त्यांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन दिलं. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती. ते स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेले, पण आपल्या माणसांसाठी मागितलं ते तंत्रशिक्षण. 1944 मध्ये मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. आज मुलं जे अर्ज भरतात, त्यांची सुरुवात तिथे आहे.

आता आपल्या मराठी घरांची एक खास अडचण. विदर्भातून आलेल्या कुटुंबांना मध्य प्रदेशात जातीचं प्रमाणपत्र काढताना 1950 पासूनच्या इथल्या वास्तव्याचा पुरावा मागतात. पुष्कळांकडे तो नसतो, कारण आजोबा आलेच 1960 नंतर. मग घरात समजूत होते की आपल्याला काहीच मिळणार नाही. तसं नाही. राज्याच्या योजना मिळत नाहीत हे खरं, पण केंद्राच्या योजनांसाठी मूळ राज्याचं प्रमाणपत्र चालतं. वडिलांचं महाराष्ट्रातलं प्रमाणपत्र असेल तर त्याच्या आधाराने, स्थलांतरित म्हणून, इथेही मिळू शकतं. बौद्ध कुटुंबांना हा हक्क 1990 पासून आहे. समग्र आयडी आहे म्हणून सगळं आपोआप होईल या भरवशावर मात्र राहू नका. नागपूर-अमरावतीकडच्या काकांना आजच फोन करून आजोबांचा शाळेचा दाखला शोधायला सांगा.

दुसरी अडचण इंजिनियरांची. अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपची निवड नेट परीक्षेवर होते, आणि नेटमध्ये सिव्हिल, मेकॅनिकल हे विषयच नाहीत! तेव्हा अशा मुलाने गेट द्यायची आणि पीएचडीला स्वतः फेलोशिप देणारी संस्थाच निवडायची. जवळचं खाजगी विद्यापीठ बरं म्हणून बिनपगारी पीएचडीला नाव घालणं आम्हाला शहाणपणाचं वाटत नाही.

आणि सगळं जमल्यावरही एक गोष्ट राहते. फेलोशिप मंजूर होते, पण पैसे खात्यात यायला वेळ लागतो. कागद तपासायचे, हजेरी पाठवायची, सही राहिली. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीचे पैसे पाच महिने आले नव्हते. मेसचं बिल थकलं, खोलीमालकाने दोनदा विचारलं, आणि ती कोचिंग क्लासमध्ये शिकवायला लागली. प्रयोगशाळेतले तास कमी झाले, तशी गाइडची नाराजी वाढली. शेवटी पैसे एकदम आले, पण तोपर्यंत तिचं एक सेमिस्टर गेलं होतं.

हे मधले महिने भरून काढणं सरकारी योजनेला जमेल तेव्हा जमेल. आपल्याला ते आज जमण्यासारखं आहे. आमची मंडळाला विनंती आहे की वर्गणीतला एक भाग बाजूला ठेवून बिनव्याजी फिरता निधी करावा. मंजुरीचं पत्र दाखवायचं, महिन्याचा खर्च उचलायचा, फेलोशिप जमा झाली की परत करायचा. हा पैसा दान म्हणून देऊ नये असं आमचं मत आहे. परत करायचा पैसा मागायला मुलांना संकोच कमी वाटतो, आणि तोच पैसा पुढच्याला मिळतो. निधी फक्त मराठी मुलांसाठी असावा का, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. आमच्यातल्या बहुतेकांना वाटतं की नसावा.

गेटचे अर्ज साधारण याच दिवसांत, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये भरले जातात. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही परीक्षा देता येते, आणि मुलींना व अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना शुल्क निम्मं असतं. विसर्जनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी 5 ते 7 आम्ही मांडवाच्या डाव्या बाजूला टेबल टाकून बसू. येताना गुणपत्रिका, आधार कार्ड, फोटो आणि वडिलांच्या जातीच्या दाखल्याची प्रत आणा. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना, ड्रायव्हरला, वॉचमनलाही सांगा.