विश्वस्ताच्या गळ्यातली वीणा



सप्ताहात वीणा एकदा गळ्यात घेतली की दुसऱ्याच्या गळ्यात दिल्याशिवाय खाली ठेवता येत नाही. विश्वस्ताचंही तसंच. आपले दोन विश्वस्त वैकुंठवासी होऊन सहा वर्षं झाली, तरी धर्मादाय कार्यालयात नावं त्यांचीच! कायदा १९५० चा. बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. पंढरपूरच्या मठाची जागा विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते, हे ऐकून परवा बैठकीत दोघे-तिघे चपापलेच. भिशीचे पैसे, शिधा, टँकरचं भाडं, सगळ्याची पावती हवी. मागच्या वारीतल्या अकराशे रुपयांची पावती माझ्याकडेच नाही. ते मी आज पदरचे भरतोय. हिशेबाची वही माझ्या घरी होती, ती उद्यापासून मठात राहील. कुणाही वारकऱ्यानं मागावी.