जुन्या धनुष्याची नवी दोरी

वरणगांवचें नांव निघालें कीं १९६४ सालचा काडतुसांचा कारखाना आठवतो. पण त्याच खानदेशांत, सातपुड्याच्या रानांत, भिल्लांचा तीरकामठा त्याहून कितीतरी जुना आहे. त्याचा दंड बांबूचा आणि दोरीही बांबूच्या कांबीची. ती तुटली तर दुसरी रानांतच मिळते. वडिलांच्या वेळचें, टोकें पुढें वळलेलें लांकडी धनुष्य ज्यांच्या घरीं आहे, त्यांस मात्र दोरी पारखून घ्यावी लागते.

श्रोतेहो, अधिक बळकट दोरी ती अधिक चांगली, हा समज येथें घातक ठरतो. बाण सुटतांना धनुष्याची सारी शक्ति तो घेऊन जात नाहीं. उरलेला हिसका टोंकांच्या खांचांवर बसतो. डेक्रॉनची दोरी किंचित् ताणून तो सोसते. डायनीमासारख्या नव्या तंतूची दोरी जवळजवळ ताणतच नाहीं. तिनें बाण वेगानें जातो खरा, पण बळकटी न दिलेलीं जुनीं टोकें चिरण्याचा धोका असतो.

म्हणून दोरी डेक्रॉनचीच घ्यावी. ४० पौंडांच्या धनुष्यास साधारणतः १२ पदर, ५० पौंडांच्या धनुष्यास १४ पदर पुरतात. धनुष्य ६२ इंची असल्यास दोरी सुमारें ५८ इंच लागते. ती चढविण्यापूर्वीं दंडावर चीर किंवा पीळ नाहीं ना, हें पाहावें. आणि बाणावांचून ओढलेली दोरी कधींही सोडूं नये. कारण तेव्हां सगळाच हिसका धनुष्यावर बसतो. दोरी पुन्हां मिळते, तें धनुष्य मिळत नाहीं.